विद्यार्थ्यांचं फॅशन मासिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माध्यम शाखेच्या वर्गात प्रकल्प म्हणून मासिक काढायची वेळ आली की दरवर्षी एक-दोन गट तरी फॅशन हा विषय घेतात. अशा गटांबरोबर डमीची, म्हणजे अंकाच्या कच्च्या नमुन्याची, पानं मांडत, फोटो निवडत आणि छापखान्यात पहिल्या प्रतीची वाट बघत मी बरीच वर्षं काढली आहेत. मुलं बदलतात, प्रश्न तेच राहतात. जे सर्वांत जास्त वेळा विचारले गेले ते इथे घेतले आहेत.

फॅशन हा विषय हलका समजला जातो. मार्गदर्शकांना कसं पटवायचं?

वाद घालू नका. पहिल्याच बैठकीला एक पक्की बातमी घेऊन जा.

मुंबईत असाल तर लोअर परळपासून सुरुवात करता येईल. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल उभा आहे. जिथे कापड निघत होतं तिथे तयार कपडे विकले जातात, आणि ज्यांच्या घरात कोणी गिरणीत होतं अशी मुलं त्याच मॉलमध्ये विक्रेते म्हणून उभी असलेली भेटू शकतात. हा विषय हलका आहे असं कोण म्हणेल? जगाकडे पाहायचं असेल तर २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. त्यांतले बहुतेक जण मोठमोठ्या विदेशी ब्रँडचे कपडे शिवणारे कामगार होते. आपल्या टी-शर्टच्या गळ्यामागची पट्टी वाचायची सवय त्या दिवसापासून बऱ्याच लोकांना लागली.

भानू अथय्यांची आठवणही सांगा. त्या कोल्हापूरच्या, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. त्यांची सुरुवात झाली ती महिलांच्या नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाचित्रं काढण्यापासून. 'ईव्हज वीकली'त काम करत असताना तिथल्या संपादिकेने बुटीक उघडलं आणि त्यांना कपडे करून बघायला सांगितलं. तिथून त्या चित्रपटांच्या वेशभूषेकडे वळल्या आणि 'गांधी'साठी १९८३ मध्ये ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. कागदावर कपडा काढणाऱ्या मुलीला कापडापर्यंत नेणारी पायरी एक मासिक होतं, हे मी माझ्या प्रत्येक गटाला सांगते.

वाचक आधी ठरवा म्हणतात. '१८ ते २५ वयोगटातल्या तरुणी' एवढं पुरेसं आहे का?

नाही. या वर्णनात लातूरच्या वसतिगृहात राहून कपड्यांसाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकणारी मुलगी येते, आणि दर आठवड्याला फोनवरून काहीतरी मागवणारी वांद्र्याची मुलगीही येते. दोघींसाठी एकच अंक निघत नाही. एकच व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. ती कॉलेजला लोकलने येते, एसटीने की स्कूटीवरून? लोकलच्या गर्दीत ओढणी सांभाळणं वेगळं आणि चाकापासून ती वाचवणं वेगळं. कपडे शिवून घेते की तयार आणते? नवा कपडा घरी दाखवताना तिला काय ऐकावं लागतं?

मग खऱ्या वीस-पंचवीस जणींशी समोरासमोर बसून बोला. फोनवर पाठवलेल्या प्रश्नावलीत मुली चांगली दिसणारी उत्तरं देतात. चार साधे प्रश्न पुरतात : शेवटचा कपडा कुठून घेतला, कितीला घेतला, का घेतला, आणि आत्तापर्यंत किती वेळा घातला. चौथ्या प्रश्नाला समोरची थोडी थांबते. त्या थांबण्यात तुमच्या अंकाचे निम्मे विषय असतात.

माझ्या एका गटाने पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला निघालेली मुलगी हा आपला वाचक ठरवला. त्यानंतर काय घ्यायचं आणि काय सोडायचं यावर त्या गटात एकदाही भांडण झालं नाही.

आमच्या गटात सगळे मुलगेच आहेत. आम्ही हा विषय घ्यावा का?

जरूर घ्या. फेटा बांधून देणारे कारागीर, लग्नाच्या हंगामातले शेरवानीचे शिंपी, गावाकडची टोपी कोणत्या पिढीत उतरली आणि का, जिममधून थेट लेक्चरला येणाऱ्यांचे कपडे. मुलग्यांच्या कपड्यांवर मराठीत फारसं लिहिलं जात नाही, त्यामुळे मैदान मोकळं आहे.

मराठीत फॅशनवर लिहायला शब्दच नाहीत असं वाटतं. सगळं इंग्रजीत येतं. काय करावं?

शब्द आहेत, ते आजीच्या आणि शिंप्याच्या तोंडी आहेत. काठ, किनार, पदर, निऱ्या, ओचा, कासोटा, घोळ, चुण्या, कळ्या, अस्तर, पोत, वीण, ताणा-बाणा, जर. लुगडं आणि पातळ यांतला फरक आईला विचारा, तिला नक्की माहीत नसेल तर तिच्या आईला विचारा. लहान मुलांचं झबलं, टोपरं, कुंची. परकर-पोलकं. कपडा उसवतो, विरतो, आटतो, रंग सोडतो, अंगावर बसतो किंवा चोपून येतो. ही क्रियापदं वापरली की वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहतं.

त्याच वेळी 'जीन्स', 'टॉप', 'लेगिंग', 'फॉल-पिको', 'मॅचिंग' हे शब्द आता आपलेच झाले आहेत. त्यांच्याजागी कोशातले प्रतिशब्द बसवू नका, वाचणारी अडखळते. माझी कसोटी सोपी आहे : तुमच्या वर्णनावरून शिंप्याला कपडा शिवता आला पाहिजे. 'एलिगंट आणि ट्रेंडी लुक' यावरून तो काहीच शिवू शकत नाही. 'कोपरापर्यंत बाही, मागे खोल गळा, गळ्याला खणाची पट्टी' म्हणालात तर तो टेप हातात घेईल.

विशेषणांची काटछाट शेवटच्या दिवशी करायची नसते, पहिल्या मसुद्यातच करायची. 'सुंदर', 'आकर्षक', 'मनमोहक' या तीन शब्दांवर गटाने बंदी घालावी. मी घालते. मग मुलं कपड्याकडे नीट बघायला लागतात.

आत काय काय असावं?

आवडीचे तीन-चार जुने-नवे अंक घेऊन त्यांची पानं मोजा. जाहिराती किती, छोटे मजकूर कुठे, मोठी छायाचित्रमालिका कितव्या पानावर, कोणाचं श्रेय कुठे दिलं आहे. भारतात 'फेमिना' १९५९ पासून निघतं, 'एल'ची भारतीय आवृत्ती १९९६ मध्ये आणि 'व्होग'ची २००७ मध्ये आली. मराठीत किर्लोस्करांचं 'स्त्री' १९३० मध्ये सुरू झालं. ते फॅशनचं मासिक नव्हतं, पण बाईने काय नेसावं, कसं राहावं याबद्दल मराठी घरांत काय बोललं जात होतं ते त्याच्या पानांत आणि जाहिरातींत दिसतं. जवळच्या जुन्या वाचनालयात बांधीव अंक मिळाले तर एक दुपार तिथे घालवा.

२८ पानांच्या अंकाला दोन मोठे लेख, एक मोठी छायाचित्रमालिका, एक मुलाखत आणि चार-पाच छोटी सदरं भरपूर होतात. बहुतेक गट याच्या दुप्पट ठरवतात आणि निम्मं अर्धवट छापतात.

मोठ्या लेखासाठी विषय सुचत नाही. उदाहरण द्याल का?

कोल्हापुरी चपलेचं देते, कारण त्यात सगळं आहे. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये मॉडेलच्या पायांत जे सँडल दिसले ते हुबेहूब कोल्हापुरी वाटत होते. सुरुवातीला कंपनीने त्यांचं वर्णन नुसतं चामड्याचे सँडल असं केलं होतं. इथे संताप झाला, पत्रं गेली, आणि भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं कंपनीने मान्य केलं.

समाजमाध्यमांवरचा राग चार दिवसांत ओसरला. विद्यार्थ्यांचं काम तिथून पुढे सुरू होतं. या चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव वापरू देणारं संरक्षण, आहे आणि ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातल्या बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि विजापूर या चार जिल्ह्यांनाही मिळालेलं आहे, हे किती जणांना माहीत आहे? चामडं कमावताना बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, त्याला किती दिवस लागतात? एका जोडावर किती जणांचे हात फिरतात, त्यांत बायकांच्या वाट्याला कोणतं काम येतं, आणि दुकानातल्या किमतीतले किती रुपये त्या घरी पोहोचतात? मानांकनामुळे नाव राखलं जातं, मग नमुना उचलला तर कारागिराच्या हाती काय उरतं? कापशी आणि साधी कोल्हापुरी यांत फरक काय? एवढ्या प्रश्नांची उत्तरं प्रत्यक्ष विचारून आणलीत तर तो लेख कोणत्याही व्यावसायिक मासिकात शोभेल.

तुम्ही नाशिककडचे असाल तर येवल्याला जा, मराठवाड्यातले असाल तर पैठणला. अस्सल पैठणीच्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. नकली पदराच्या मागे सुटे धागे लोंबत असतात. हे वाचून लिहू नका, पदर उलटून पाहा, बोट फिरवा, आणि मग लिहा. विणकराला 'ही कला तुम्हाला वारशाने मिळाली, कसं वाटतं' असं विचारू नका. मागावर किती तास बसता, पाठ दुखते का, मुलगा मागावर बसणार का, हे विचारा.

'आपली परंपरा' असं एक सदर करायचं आहे. कशाची काळजी घ्यावी?

भूगोलाची. खणाचं कापड आपण पिढ्यान्‌पिढ्या चोळीला वापरलं, पण ते मुख्यतः विणलं जातं गुळेदगुड्डला. इरकल साडी इळकलची. दोन्ही गावं कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातली. त्यांच्या पानावर 'महाराष्ट्राची शान' असं छापलंत तर तिकडच्या विणकराचं नाव पुसलं जातं. उलट विदर्भातल्या करवतकाठीकडे आपणच पाठ फिरवली आहे. करवतीच्या दातांसारखा तो काठ जवळून छापण्यासारखा असतो.

गोव्याच्या मुलांनी कुणबी साडीकडे वळावं. लाल-पांढऱ्या चौकड्यांची ही साडी डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी पुन्हा लोकांसमोर आणली. गोव्याच्या पोशाखांचा इतिहास त्यांनी लिहिला आणि कोलवाळच्या आपल्या जुन्या घरात पोशाखांचं संग्रहालय उभारायला घेतलं. २०२० मध्ये ते गेले. पण हा लेख त्यांच्यावर संपवू नका, साडी नेसून शेतात राबलेल्या बायकांपर्यंत न्या.

पर्यावरणपूरक फॅशनवर एक पान हवंच ना?

हवं, आणि त्याची सुरुवात बोहारणीपासून व्हावी. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ही बाई ते कपडे पुढे कुठे नेते, कोणता कपडा ती नाकारते, आता फिरते का, हे शोधा. मग गोधडी, वाकळ. आजीच्या लुगड्याची आतली घडी कोणत्या गोधडीत गेली. परदेशी संकेतस्थळावरून उतरवलेल्या दहा सूचनांपेक्षा हे पान शंभर पटींनी चांगलं होईल.

फोटोशूटसाठी पैसे नाहीत. कसं भागवायचं?

चांगला उजेड फुकट मिळतो. सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळचा शेवटचा तास, किंवा दिवसभर उत्तरेकडची खिडकी. कॉलेजचा जिना, छापखान्याची गल्ली, एसटी स्टँड, तुळशीबागेतलं बंद दुकानाचं शटर, समुद्राकाठ. जागेचा कपड्याशी संबंध असला पाहिजे. नऊवारी नेसवून मुलीला किल्ल्यावर उभं करणं आता फार झालं. तीच मुलगी नऊवारीत बँकेच्या रांगेत उभी असलेली दाखवा, लोक पान उलटायचे थांबतील. सार्वजनिक इमारत, रेल्वे स्थानक किंवा दुकान असेल तर परवानगी आधी घ्या. लेखी मिळाली तर उत्तम.

कपडे घरच्या कपाटांतून येतात. दुकानदार कपडे वापरायला देत असेल तर काय घेतलं, कोणत्या अवस्थेत घेतलं, कधी परत करणार, हे वहीत दोघांच्या सह्यांनी लिहा आणि दुकानाचं नाव श्रेयात छापा. माझ्या एका गटाने उसन्या आणलेल्या साडीवर मेकअपचा डाग पाडला. वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे डाग आधीचा की नंतरचा यावर आठवडाभर वाद चालला आणि शेवटी सगळ्यांनी वर्गणी काढून साडीचे पैसे दिले. तेव्हापासून वही आधी, साडी नंतर.

जरीचा फोटो घेताना फ्लॅश बंद ठेवा. समोरून फ्लॅश मारला की जर पांढरी पडते. उजेड बाजूने येऊ द्या, मग तिचा धागा न् धागा उजळतो. काळ्या आणि चंद्रकळेसारख्या गडद कपड्यांसाठी मागची भिंत हलकी ठेवा, नाहीतर निऱ्या दिसत नाहीत.

आणि फोटो एकमेकांना व्हॉट्सअॅपवर साधे पाठवू नका. तिथे ते दाबले जातात. ए-फोर आकाराचं पूर्ण पान कडेच्या, छापल्यावर कापल्या जाणाऱ्या, तीन-तीन मिलिमीटर जास्तीच्या भागासह छापायला साधारण २५५० बाय ३५८० पिक्सेल लागतात. मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या.

मॉडेल म्हणून कोणाला घ्यावं?

ज्यांचं चालणं-बोलणं तुम्हाला माहीत आहे त्यांना. वर्गातल्या मैत्रिणी, ग्रंथालयातल्या ताई, कॅन्टीनमधले काका. उंच, सडपातळ आणि गोऱ्या चेहऱ्यांनी भरलेले अंक विकत मिळतातच, तुम्ही तसाच आणखी एक का काढायचा? आपल्या वर्गात जेवढे सावळे चेहरे आहेत, जेवढी वेगवेगळी शरीरं आहेत, तेवढी अंकात दिसावीत. चष्मा काढायला सांगू नका. संगणकावर त्वचेचा रंग उजळू नका, कंबर बारीक करू नका. मुरुमाचा डाग काढायचा का, हे त्या व्यक्तीला विचारा. तो तिचा चेहरा आहे.

प्रत्येकाकडून संमतिपत्र घ्या : फोटो कशासाठी, कुठे छापणार, समाजमाध्यमांवर टाकणार का. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची सही. आणि छापण्याआधी निवडलेला फोटो त्यांना दाखवा. 'हा नको' असं कोणी म्हटलं तर तो फोटो जातो, तो कितीही चांगला असला तरी. याबाबतीत मी कधीही तडजोड केलेली नाही.

मुखपृष्ठावर फोटोच हवा का?

नको असला तर चित्र घ्या. १८९२ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या 'व्होग'च्या मुखपृष्ठांवर कित्येक वर्षं चित्रंच असायची. रंगीत छायाचित्र पहिल्यांदा आलं ते जुलै १९३२ मध्ये. आपल्याकडे चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा अंक सुरू केला आणि त्याच्या मुखपृष्ठांवरच्या बायकांच्या साड्यांचे काठ, अंबाडे, दागिने लोक न्याहाळत बसायचे. गटात कोणी हाताने चांगलं काढत असेल तर ही संधी सोडू नका.

फोटो घेतलात तर वर नावासाठी मोकळी जागा ठेवूनच काढा. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असतात, इंग्रजी नावापेक्षा उंची जास्त लागते. मुखपृष्ठावर ओळी तीन, फार तर चार, आणि त्यांतली प्रत्येक गोष्ट आत सापडलीच पाहिजे.

इंटरनेटवरून अभिनेत्रीचे फोटो घेतले तर चालतं का? एआयने केलेले?

फोटोचा हक्क साधारणपणे तो काढणाऱ्याचा किंवा ज्याने तो पैसे देऊन काढून घेतला त्याचा असतो, आणि स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ पासून आहे. 'गुगलवरून साभार' म्हणजे परवानगी नव्हे. वर्गात दाखवायला काही सवलती आहेत, पण अंक छापून वाटला की त्यांच्यावर विसंबू नये. खुल्या परवान्याचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवर मिळतात, तिथे प्रत्येक फोटोखालची अट वाचा आणि नाव द्या.

एआयच्या चित्रांबद्दल माझं मत ठाम आहे. फॅशनच्या अंकात कपडा खरा असला पाहिजे. यंत्राने काढलेल्या पैठणीचा मोर बघा, काठाला भिडतो तिथे त्याची वीण विरघळलेली असते. तशी साडी कोणी विणलेली नाही आणि कोणी नेसलेली नाही. मग आपण नेमकं काय छापतोय?

किती पानं, कोणता आकार, कोणता कागद?

मध्ये पिन मारायची असेल तर एकूण पानं चारच्या पटीत : २४, २८, ३२. कागद दुमडला की चार पानं होतात, एवढंच त्याचं गणित. २६ पानांचा अंक घेऊन छापखान्यात गेलात तर दोन कोरी पानं पदरात घेऊन याल. साध्या कागदाची घडी घालून छोटी डमी बनवा, त्यावर पेन्सिलीने पानक्रमांक घाला आणि भिंतीवर चिकटवा.

ए-फोर सोयीचा, पण थोडा लहान आकार हातात चांगला बसतो. आतला कागद ९० ते १३० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), मुखपृष्ठ २५० च्या आसपास. चकचकीत आर्ट पेपर सगळ्यांना हवा असतो. मला मॅट आवडतो, सुती कापडाचा पोत त्यावर खरा वाटतो. शे-दीडशे प्रतींपर्यंत डिजिटल छपाई परवडते, हजाराच्या पुढे ऑफसेट. दर तीन ठिकाणी विचारा आणि कागदाचा तुकडा हातात घेऊन बघा.

पडद्यावरचे रंग छपाईत तसेच येत नाहीत. झगमगणारा पोपटी आणि गडद निळा हमखास मंदावतात. एक पान नमुना म्हणून छापून घ्या, खरी साडी शेजारी ठेवा, मग पुढे जा. मजकुराचा काळा रंग फक्त काळ्या शाईचाच ठेवा. चार शाया मिसळलेला काळा बारीक अक्षरांत सरकतो आणि वेलांट्या दुहेरी दिसतात.

मराठी अक्षरं तुटतात, जोडाक्षरं सुटी होतात. का?

पानं मांडायच्या इनडिझाइन या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' कंपोजर निवडलेला नसतो, हे नेहमीचं कारण. तो निवडा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर सारखीच वाचली जाणारी अक्षरं वापरूनच, टाइप करा. कोणी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आणून चिकटवला तर तो आधी रूपांतरित करून तपासावा लागतो. मुक्ता, बलू, टिरो देवनागरी मराठी, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हे फॉन्ट मोफत मिळतात. अंकात दोन पुरे, एक शीर्षकांना, एक मजकुराला.

फॉन्ट निवडण्याआधी 'निऱ्या' हा शब्द टाइप करा. त्यातला अर्धा र नीट आला, आणि मराठी वळणाचे ल आणि श दिसले, की तो फॉन्ट घ्यायला हरकत नाही. छापखान्याला फॉन्ट आत बांधलेली पीडीएफ द्या आणि दिलेली पीडीएफ दुसऱ्याच संगणकावर उघडून शेवटपर्यंत वाचा.

जाहिराती खऱ्या घ्याव्या की बनवाव्या?

एखादी तरी खरी मिळवा. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे किंवा मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन 'आमच्या अंकात पाव पान घ्याल का' असं विचारताना जे शिकायला मिळतं ते वर्गात मिळत नाही. पैसे नाही मिळाले तरी त्यांची जाहिरात बनवून द्या. पैसे घेऊन छापलेला मजकूर जाहिरात म्हणून स्पष्ट दिसला पाहिजे, लेखाच्या वेशात नको.

गोरेपणाची जाहिरात नमुना म्हणूनही करू नका. रंगावरून माणसाला कमी दाखवणाऱ्या जाहिरातींविरुद्ध जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्येच नियम केले. 'फेअर अँड लव्हली'ला २०२० मध्ये नाव बदलावं लागलं. मग विद्यार्थ्यांनी ते उकरून काढायचं कारण नाही.

सरकारी नोंदणी लागते का?

एकदाच काढलेल्या, मूल्यमापनासाठीच्या अंकाला सहसा नाही. नियमित निघणाऱ्या नियतकालिकांसाठीचा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. अंक विकून दर महिन्याला काढायचा विचार असेल तर आधी नोंदणीची माहिती घ्या.

कामाची वाटणी आणि वेळ?

संपादक एकच असावा, आणि शेवटचा शब्द त्याचा. दोन संपादक नेमलेले गट मी पाहिले आहेत, शेवटच्या आठवड्यात तिसऱ्याला मध्यस्थी करावी लागते. दहा आठवडे हाती असतील तर पहिले दोन वाचक आणि विषयांना, पुढचे चार लेखन आणि फोटोंना, दोन मांडणीला, एक फक्त मुद्रितशोधनाला आणि एक छापखान्याला. मुद्रितशोधनाचा आठवडा मुलं नेहमी खाऊन टाकतात. मोठ्याने वाचा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने बघायचं. माणसांची नावं सर्वांत शेवटी पुन्हा एकदा, संमतिपत्रांशी ताडून.

सोबतच्या अहवालात काय लिहावं?

काय ठरवलं होतं, काय बदललं आणि का. रद्द झालेली मुखपृष्ठं, खोडलेली शीर्षकं, पहिल्या भेटीच्या वहीतली पानं जोडा. वाचकांना अंक दाखवून त्या कुठे थांबल्या आणि कुठून पान उलटून पुढे गेल्या, ते टिपा. 'या प्रकल्पातून आम्हाला खूप शिकायला मिळालं' या वाक्याने परीक्षकाला काहीच कळत नाही. 'मुलाखतीसाठी तीनदा जावं लागलं, कारण पहिल्या दोन वेळा आम्ही माग सुरू असताना गेलो' या वाक्याने सगळं कळतं.

प्रती छापून आल्या की आधी कोणाला द्यायच्या?

ज्यांचे फोटो आहेत आणि ज्यांनी वेळ काढून मुलाखत दिली त्यांना. परीक्षकांची प्रत त्यानंतर. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात नोंदवून ठेवा, पुढच्या वर्षीची मुलं ती शोधत येतात. येवल्याच्या विणकराला किंवा कोल्हापूरच्या कारागिराला प्रत टपालाने जायची असेल तर त्यांच्या पानावर खूण घाला, दोन जाड पुठ्ठ्यांत ठेवून पाठवा आणि पोहोचली का म्हणून फोन करा. पत्ता मात्र मुलाखतीच्या दिवशीच लिहून घ्या, पिनकोडसकट.